ढग बंद, जमीन पूर्ण

दगडाला डोळे नव्हते, नाक नव्हतं, शेंदूरही नव्हता. वर्षातून एकदा त्याच्यापुढे तांदळाच्या पिठाचा जाड रोंट ठेवायचा, बाजूला एक विडी, आणि मागे वळून न बघता सडा उतरायचा.

*

संगणकाला अंगरखा होता. निळा, नाडीचा, घरी शिवलेला.

*

कुठल्याशा समुद्रात, एका प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात, निलेश ढोबळी मिरची चिरत होता आणि त्याच्या मोबाइलला रेंज नव्हती.

*

विमानं डोक्यावरून जायला लागली तेव्हापासून पेडण्यातल्या कोंबड्या अंडी चोरून घालतात, असं भिकाजी सांगतो. भिकाजीकडे कोंबड्या नाहीत. टॅक्सी आहे.

*

गोवा राज्य झालं त्या वर्षी पांडुरंग पहिल्यांदा एकटा रोंट घेऊन सड्यावर गेला. वडिलांचे गुडघे त्या साली कायमचे बसले.

*

मेजाखाली एक रिकामी बालदी तयार ठेवली होती.

*

भोवळ

बालदी भावासाठी होती. पांडुरंग, देवकीचा थोरला भाऊ, सत्तरी ओलांडलेला, पेडण्याहून बस बदलत मुळगावात आला होता आणि चहा न घेता थेट निलेशच्या खोलीत जाऊन कदेलीवर, त्याच्या खुर्चीवर, बसला होता. निलेश हा देवकीचा मुलगा. तो जहाजावर गेला आणि त्याचा संगणक घरी राहिला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या देवकीने त्या संगणकावर विमान चालवायला शिकून घेतलं होतं. गेल्या सुट्टीत मुलाने तिला फ्लाइट सिम्युलेटर दाखवला, दांडा कसा धरायचा ते सांगितलं, आणि परत जाईपर्यंत त्याला स्वतःच्या कदेलीवर बसायला मिळालं नाही.

पडद्यावर सडा होता, माहेरच्या गावावरचं माळरान. निदान देवकीचं म्हणणं तसं होतं. लहानशा विमानाच्या पंखाखाली काहीतरी हिरवट-तपकिरी सरकत होतं, अडत होतं, मग उडी मारून एकदम पुढे जात होतं.

"ह्यां काय?" पांडुरंगाने विचारलं.

"सडो."

"सडो असो उड्यो मारता?"

"सडो नाय रे दादा, कम्प्युटर दमता. जरा थांब, येता."

तो थांबला. सडा पुन्हा अडला, पुन्हा उडाला. पांडुरंगाने डोळे मिटले, कपाळ पुसलं, आणि देवकीने पायानेच बालदी पुढे सरकवली.

नंतर तोंड धुऊन, ओसरीवर लिंबूपाणी पीत तो म्हणाला, "तुझ्या झिलाक दर्यार जाताना असांच होता काय गे?"

"त्याका होयत. तो सांगणा नाय."

"एकदाच बसतंय आणखी." त्याने पेला खाली ठेवला. "एकदाच. हाल्लो तर उठलंय. मगे भिकाजी सांगता तांच खरां म्हणून गप ऱ्हवतंय."

देवकीला हे पक्कं कळलं. भावाने आयुष्यात दोनदा बसण्याचं कबूल केलेली ही पहिली गोष्ट होती, आणि तिसऱ्यांदा तो बसणार नव्हता.

*

एका राखणदाराला दोन रोंट

सडा म्हणजे पेडण्याच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट माळरान. आता तिथे विमानतळ आहे. त्याआधी काजू होते, करवंदं होती, पावसाळ्यात गुरं होती, आणि देवकीच्या माहेरच्यांचा राखणदार होता. गुरांची आणि अवेळी सड्यावरून येणाऱ्या माणसांची वाट राखणारा. मूर्ती नाही, देऊळ नाही. दगड.

विमानतळाचं काम सुरू व्हायच्या आधी तिथली माणसं गावात येऊन विचारून गेली होती, वर कोणाचं काही देवस्थान आहे का. भिकाजी, पांडुरंगाचा चुलत भाऊ, म्हणाला, पांडुरंग सांगेल, तो रोंट नेतो. पांडुरंग म्हणाला, भिकाजी सांगेल, त्याला बोलायला आवडतं. दोघं त्या दिवसांत एका फणसावरून एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी कोणीच सांगितलं नाही. मग भिंत आली.

भिंत आल्यापासून एका राखणदाराला दोन रोंट जाऊ लागले. भिकाजीचं म्हणणं, जागा धावपट्टीखाली गेली आणि दगडही गेला. आता नवा दगड आणा, फाटकाबाहेर टॅक्सीच्या थांब्याशी बसवा, आणि रोंट तिथेच द्या. पांडुरंगाचं म्हणणं, जागा भिंतीच्या बाहेर राहिली आहे, पश्चिमेच्या उतारावर. झाडी माजून दगड दिसत नाही इतकंच. जागा शाबूत असताना दुसरीकडे बसवणं म्हणजे जित्या माणसाचं श्राद्ध घालणं. दरवर्षी तो काटे तुडवत जाई आणि अंदाजाने एका कातळापाशी रोंट ठेवून येई.

यंदा घरच्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. शिगम्याच्या सणाआधी ठरवा, म्हणाले. दोन ठिकाणी जेवणारा राखणदार कोणाचीच वाट राखणार नाही.

पंचायतीतल्या कोणीतरी पांडुरंगाला मोबाइलवर जुना नकाशा दाखवला होता. त्याने तो उलटा धरला, आडवा धरला, आणि परत दिला. "असां वरसून बघूक मी काय घार आसंय?" तो वाटेने गेलेला माणूस. सातविणीचं झाड डाव्या हाताला गेलं पाहिजे, मग चिरे काढलेली जुनी खण, मग पावसाळी तळी, आणि तळीपासून उजवीकडे वळलं की दगड. ही सगळी एकामागून एक, जमिनीजवळून, चालीच्या वेगाने आली तरच त्याला ओळखता येणार.

आणि तसा सडा फक्त एकाच ठिकाणी उरला होता. निलेशने एका सुट्टीत, मामाच्या गोष्टी ऐकून आणि बाकी काही उद्योग नव्हता म्हणून, भिंतीच्या आधीची हवाई छायाचित्रं मिळवून सिम्युलेटरच्या जमिनीवर बसवली होती. दोन थर केले होते, एक जुना सडा आणि एक आताचा, धावपट्टीसकट. एक काढून दुसरा लावता यायचा. विमान तिथेच टांगलेलं राहायचं, खालची जमीन बदलायची.

देवकीला दगड कसा आहे ते माहीत नव्हतं. बायका वर जात नसत. आईबरोबर रोंट भाजायचा, केळीच्या पानात बांधून भावाच्या हातात द्यायचा, आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभं राहायचं. तिच्या लेखी राखणदार म्हणजे आंगणाच्या टोकाला संपणारी वाट होती.

*

अंगरखा: काढला

रेंज आली तेव्हा निलेश म्हणाला, "आई, आधी अपडेट कर. सगळां सुधारात."

"अपडेट केल्यार तुझो जुनो सडो ऱ्हवात?"

पलीकडे भांड्यांचा आवाज आला. मग, "सांगूक येणा नाय. माझी जोडणी जुन्या आवृत्तीची."

"मगे नको."

"जूनमध्ये येतंय मी. नवां मशीन घेवया."

"शिगमो जूनात येता काय?"

तिने संगणक अंगरख्यासकट पिशवीत घातला, मांडीवर घेऊन डिचोलीच्या बसमध्ये बसली, आणि बाजारातल्या वरच्या मजल्यावर अक्षयच्या दुकानात नेऊन ठेवला. अक्षय तिशीतला, कानावर स्क्रू-ड्रायव्हर ठेवणारा. त्याने संगणक चालू केला, सिम्युलेटर उघडला, आणि थोड्या वेळाने डब्यावर तळहात ठेवून पटकन उचलला.

"मावशी, ह्याच्यार भाकऱ्यो भाजतास काय? चालू असतानासुद्धा ह्यां कव्हर घालतास?"

"मगे? धूळ जायत ना."

"खंयची धूळ?"

 तिचं घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. खाण चालू होती तेव्हा खिडक्या-जनेलं बंद, कपडे घरात, पाण्याच्या कळशीवर फडकं, रेडिओला पिशवी, टीव्हीला पडदा. सकाळी पुसलेली कदेल दुपारी तांबडी. त्याच हाताने तिने संगणकालाही शिवून घातलं होतं, मागच्या पंख्याला भोक ठेवलं तर धूळ आत जाईल म्हणून मागे दोन पदर दिले होते. निलेश बसताना अंगरखा काढून खाटेवर फेकायचा. तो उठला की ती घालायची. खाण बंद पडली, ट्रक गेले, रस्त्याच्या कडेला पुन्हा हिरवळ धरली. अंगरखा चालूच राहिला. मुलगा जहाजावर गेल्यावर तो काढणारं कोणी नव्हतं.

"ह्यो तापलो की आपसूक हळू चलता," अक्षय म्हणाला. "जळू नये म्हणून. तुमचो सडो उड्यो मारता तो तेच्यामुळे."

त्याने डबा बाल्कनीत नेला, झाकण काढलं आणि ब्लोअर मारला. तांबडा लोट उठला. पंख्यामागच्या पट्ट्यांमधून खनिजाची माती घोंगडीसारखी, थरच्या थर सुटून खाली पडली. खालच्या भाजीवालीने वर बघून शिवी दिली.

"मावशी, खाण बंद झाली म्हणतत तां खोटां," अक्षय म्हणाला. "हंय चालू आसा."

देवकी हसली नाही. तिने ती माती कागदात गोळा केली आणि दुकानाच्या केराच्या डब्यात टाकली, आणि मग अंगरखाही त्याच डब्यात टाकावा का याचा विचार केला. टाकला नाही. घडी घालून पिशवीत ठेवला.

अक्षयने नव्या ग्राफिक्स कार्डाची गोष्ट काढली. तिने मान हलवली.

"आसा तेच्यात काय जाता तां सांग."

त्याने खांदे उडवले. "मगे काय काय सोडूक तयार आसास तां ठरव. सगळां दाखवूक ह्याच्या अंगात ताकद ना. एक धर, बाकीचां सोड."

*

ढग: बंद

घरी आल्यावर तिने निलेशच्या खोलीचं जनेल उघडलं. कितीतरी वर्षांनी उघडलं म्हणून ते करकरलं आणि एक पाल आत आली. संगणक उघडा, मेजावर, वाऱ्यात ठेवला. फ्रिज बंद केला, कारण व्होल्टेज डळमळायचं. मागे चालू असलेले, न विचारता उघडणारे सगळे कार्यक्रम एकेक करून बंद केले.

आता सडा उड्या मारत नव्हता. पण खाली गेलं की पुसट व्हायचा, धुतलेल्या चित्रासारखा. उंचावरून सगळं स्पष्ट; उतरलं की जमीन वेळेवर पोहोचायचीच नाही. सातवीण म्हणावी तर हिरवा डाग. खण म्हणावी तर दुसरा डाग.

सेटिंगची यादी उघडली. पहिली ओळ ढगांची.

ढग तिला आवडायचे. स्वयंपाक आटपला की ती विमान घेऊन ढगांत शिरायची आणि पलीकडून बाहेर यायची, बस्स, दुसरं काही नाही. प्रत्येक ढग यंत्राला नव्याने बांधावा लागतो हे तिला आता कळलं. तिने ढग बंद केले. आकाश निळा रंग मारलेल्या भिंतीसारखं उभं राहिलं.

सडा थोडा उजळला. पुरेसा नाही.

सावल्या: बंद

विमानाची सावली जमिनीवरून धावायची, कुत्र्यासारखी मागे. ती गेली.

पाणी: किमान

इथे तिचा हात थांबला. दुपारी कधीतरी ती मोरजीच्या वाळूवरून विमान काढून समुद्रात थोडं पुढे न्यायची, किनारा दिसेनासा होण्याआधी वळायची. पाणी चमकायचं, लाटा मोडायच्या. त्या पाण्यात निलेश होता असं नव्हे. पण पाणी तेच.

किमान केलं. समुद्र ताडपत्री झाला. सड्यावरच्या कातळाच्या कडा दिसू लागल्या.

झाडं: बंद

हा तर विनोदच निघाला. यंत्र जिथे हिरवं बघेल तिथे स्वतःच्या मनाची झाडं लावायचं, उभी, टोकदार, कुठल्यातरी थंड देशातली. सड्यावर तशी शेकडो. पहिल्या वेळी पांडुरंगाने डोळे मिटायच्या आधी विचारलं होतं, "ही कोणाच्या बापाशीन लावली?" देवकीने ती सगळी उपटली. खाली जे उरलं ते छायाचित्रातलं, सपाट, पण खरं. काजूचे गोल माथे. गुरांनी पाडलेली पायवाट, बोटाने ओढलेल्या रेघेसारखी.

तिने तोंड पडद्याजवळ नेलं. ही वाट. आंगणाच्या टोकाला संपणारी वाट पुढे अशी जात होती तर.

पण उतरलं की अजून पुसट.

रहदारी: बंद

आकाशात कोणी नाही. रस्त्यावर कोणी नाही. घरात कोणी नाही. पंख्याचा आवाज. जनेलातून आलेला वारा.

ती पुन्हा उतरली. पुसट. पुन्हा वर गेली. पुन्हा उतरली. पुसट.

*

मधेच भिकाजी

भिकाजी डिचोलीला भाडं सोडून परतताना आला. त्याला ओसरीवर बसून चहा हवा होता आणि थोडं टोचायचंही होतं.

"बाय, तुझ्या भावाक जमनीर गावणा नाय म्हणून आता आभाळातसून सोधता म्हणे?"

"गावला तर तुझ्याच कामाक येयत."

"माझां काम ठरल्यालां. दगड बघून ठेवलंय. चांगलो, उभो." त्याने बशीत चहा ओतला. "आणि गावला नाय तर?"

"तर तूच खरो."

भिकाजीने बशी तोंडाशी नेता नेता थांबवली. असं सरळ कबूल करणाऱ्या माणसाशी भांडण कसं करायचं ते त्याला येत नव्हतं. त्याने चहा संपवला, दोन पाव पिशवीतून काढून मेजावर ठेवले, पेडण्याच्या पोदेराचे आसत, म्हणाला, आणि गेला.

*

वेग: बांधलेला

निलेशचा निरोप दोन दिवसांनी, एकाच ओळीचा: फ्रेम लॉक कर, तीसवर.

तिला वाटलं, चुकून लिहिलं. यंत्र सेकंदाला जितकी चित्रं काढेल तितकं चित्र गुळगुळीत, हे तिने इतके दिवस वाचून वाचून पाठ केलं होतं, आणि ती त्या आकड्याच्या मागे लागली होती. ढग सोडले, समुद्र सोडला, आकडा वाढवला. आता तोच आकडा बांधायचा?

तिने त्यावर रोंटाचं पीठ मळता मळता विचार केला. रोंट अजून द्यायचा नव्हता, पण हात बसलेला बरा. आणि मळता मळता तिला जत्रेतली पंगत आठवली. वाढपी धावतात, भात कुठे आहे भात कुठे आहे, पानापानांतून नुसते फिरतात, आणि सगळी माणसं वाढायला लागली म्हणून चुलीवरून भात उतरवायला कोणीच उरत नाही. वाढपी कमी करा, दोघांना चुलीवर पाठवा, तर पंगत उठते. यंत्राचंही तेच चाललं होतं. सगळी शक्ती चित्रं वाढण्यात. जमीन डिस्कवरून उतरवून आणायला हात मोकळा नाही.

पिठाचे हात धुऊन तिने आकडा बांधला. विमान बदललं, सगळ्यात हळू उडणारं, दोन माणसांचं घेतलं. आणि माहेरच्या आंगणावरून, दांडा अगदी हलक्या हाताने धरून, वाटेवर उतरली.

जमीन आली. तिच्याबरोबर आली. काजूच्या माथ्यावरचं पान वेगळं दिसत नव्हतं, पण माथा माथ्यापासून सुटा होता, कातळ कातळापासून सुटा, आणि त्यांच्या मधून वाट, न थरथरता, न अडता, समोरून पोटाखाली सरकत होती. देवकी तिथवरच गेली. सातवीण दिसताच तिने दांडा मागे ओढला आणि वर आली. पुढची वाट तिला एकटीने बघायची नव्हती.

*

जमीन: पूर्ण

पांडुरंग सकाळच्या बसने आला, ओल्या काजूच्या बिया घेऊन, कोणाच्या तरी बागेतल्या. कदेलीवर बसण्याआधी त्याने मेजाखाली बघितलं.

"बालदी खंय?"

"लागाची नाय."

"दीडशाणी," तो म्हणाला आणि बसला.

देवकी बाजूला स्टुलावर. विमान आंगणावर आलं. त्यांच्या घराचं कौल दिसलं, विहीर दिसली, तुळस दिसते असं पांडुरंगाला वाटलं. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. वाट सुरू झाली आणि ते हात हळूहळू सैल झाले.

"सातवीण," तो म्हणाला. मग, "जरा डाव्यान ऱ्हव. पायाखाली नको."

तिने डावा पंख किंचित झुकवला.

"खण. आमच्या घराचे चिरे हंयचे. बापाशीन स्वतः..." त्याने पडद्याजवळ बोट नेलं. "हळू गे."

"ह्याच्यापेक्षा हळू केलां तर पडतला."

"मगे पडू नको. तळी येयत. बघ, सुकी आसा. चैतात काढलेलो फोटो." तो पुढे वाकला. त्याचा चेहरा पडद्याच्या उजेडात, आणि तो आता बहिणीशी बोलत नव्हता. "हंय उजवीकडे. वळ. वळ. करवंदीच्या जाळीच्या मागसून. आता... थांबय."

देवकीने कळ दाबली. विमान हवेत थांबलं. पंखाखाली, एका कातळाच्या कडेला, दोन जाळ्यांच्या मध्ये, एक काळसर ठिपका होता. त्याला ठिपका म्हणण्यापलीकडे काही म्हणता आलं नसतं. पांडुरंगाने हात जोडले.

देवकीनेही जोडले. ती इथे पहिल्यांदा येत होती.

"आता दुसरो लाव," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आजचो."

तिने जुना थर काढला, नवा लावला. यंत्र कामाला लागलं. खालची जमीन गेली आणि विमान निळ्यात, कशावरच नाही असं, टांगून राहिलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत होती, इतकी हळू की ती भरते आहे की नाही हेच कळेना. पांडुरंगाने एक बी सोलायला घेतली आणि हातातच धरून ठेवली. त्याच्या बोटांना चीक लागला. देवकीने त्याला फडकं दिलं, त्याने घेतलं, पुसलं नाही.

मग जमीन आली. आधी पुसट. राखाडी, हिरवट, कडा नसलेली. त्या पुसटात पश्चिमेचा उतार असू शकत होता. रान असू शकत होतं, काटे असू शकत होते, आणि भिंतीच्या बाहेर, झाडीत हरवलेला एक दगड. क्षणभर सगळं तसंच, पांडुरंग म्हणे तसं होतं, आणि देवकीच्या मनात आलं की ढग सोडले नसते, सावल्या सोडल्या नसत्या, तो समुद्र सोडला नसता, तर हे असंच राहिलं असतं.

पण तिने सगळं सोडलं होतं. जमीन स्पष्ट झाली. पंखाखाली डांबर होतं, काळं, रुंद, आणि त्याच्या मधोमध पांढरी तुटक रेघ.

भिंत बरीच लांब, कोपऱ्यात. उतार तिच्याही पलीकडे.

 पाल जनेलाच्या चौकटीवर येऊन थांबली.

"चुकलंय मी," पांडुरंग म्हणाला. आवाजात काही नव्हतं. "तळी माका वाटली त्याच्यापेक्षा खूप अलीकडे." मग त्याने विचारलं, "कोणाक सांगलंस?"

"नाय."

"सांगू नको. मी सांगतंय." त्याने शेवटी हात पुसले. "परत जुनो लाव. परत आंगणातसून. एकदाच म्हटलेलंय तां खरां, पण लाव."

तिने लावला. ती दुसऱ्यांदा वाटेने गेली, सातवीण डाव्या हाताला, खण, तळी, उजवीकडे. त्या ठिकाणी आल्यावर पांडुरंग थांब म्हणाला नाही. विमान कातळावरून पुढे गेलं, सड्याची कड संपली, पुढची गावं सरली, आणि खाली ताडपत्रीसारखा सपाट समुद्र आला. त्याने मागे वळून बघितलं नाही.

निघताना ओसरीवर उभ्या उभ्या त्याने भिकाजीला फोन लावला. फणसानंतर पहिल्यांदा, स्वतःहून.

"दगड उभो आसा म्हणतंस. खालसून किती रुंद?... नाय, अरुंद नको, पडतलो. माझ्याबरोबर येवन बघ. आणि आयक, खड्डो मी खणतलंय... नाय. तुझां खरां होतां म्हणून खणतंय, उपकार नाय करीत तुझ्यार."

*

शिगम्याआधीच्या बुधवारी टॅक्सीच्या थांब्यामागे, फाटकापासून जरा आडवाटेला, दगड बसवला. रोंट एकच होता. थांब्यावर बायका होत्या, बॅगा घेतलेल्या, पोरं कडेवर घेतलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्या. तिथे कोणाला अडवायची सोय नव्हती, आणि कोणाच्या ते मनातही आलं नाही. भिकाजीने गाऱ्हाणं घातलं, लांबलचक, टॅक्सीवाल्यांच्या भाड्यासकट. सगळ्यांनी होय महाराजा म्हटलं. मग पांडुरंगाने केळीच्या पानातला रोंट खाली ठेवला नाही. तो वळला आणि त्याने तो बहिणीच्या हातात दिला.

देवकी वाकली. वरून विमान गेलं, ते चढणारं होतं, आणि तिने मान वर करून बघितलं नाही, कारण रोंट सरळ ठेवायचा होता.

*

गोवा राज्य झालं त्या वर्षीचा रोंट देवकीने भाजला होता. तो एका बाजूने करपला होता, आणि पांडुरंगाने तो तसाच नेला होता.